टोस्का कुठली ऐकू, विचारलंस त्याबद्दल

प्रिय बाळा,

तुझा मेसेज बघितला. व्हिएन्नाला पुढच्या महिन्यात टोस्का, पुचिनीचा ऑपेरा, बघायला जाणारेस, उभ्याचं तिकीट काढणारेस, आणि त्याआधी "आई कुठलं रेकॉर्डिंग ऐकू, एकच सांग, बेस्ट असेल ते" असं विचारलंयस. एकच सांगायचं असतं तर व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत झालं असतं, पण मला चार सांगायचीयत, ती चारच का आणि त्यातल्या कुठल्या जागा ऐकायच्या तेही सांगायचंय, म्हणून हे लांबलचक लिहितेय. ट्राममध्ये बसून निवांत वाच.

आधी नावं लिहून घे. पहिलं 1953 चं, मिलानच्या ला स्कालाचं, त्यात टोस्का मारिया कॅलास, तिचा प्रियकर ज्युसेप्पे दी स्तेफानो आणि खलनायक स्कार्पिया तीतो गोब्बी, कंडक्टर व्हिक्टर दे साबाता. दुसरं 1962 चं, तुझ्या व्हिएन्नातलंच, लिओन्टिन प्राइस, परत दी स्तेफानो, स्कार्पियाच्या कामाला ज्युसेप्पे ताद्देई आणि कंडक्टर हर्बर्ट फॉन कारायान. तिसरं 1964-65 चं पॅरिसचं, परत कॅलास, परत गोब्बी, सोबत कार्लो बेर्गोन्झी, कंडक्टर जॉर्ज प्रेत्र. आणि चौथं 1972 चं लंडनचं, परत प्राइस, सोबत प्लासिदो डोमिंगो आणि शेरिल मिल्न्स, आणि कंडक्टर आपला मुंबईचा झुबिन मेहता. बघितलंस ना, माणसं परत परत येतायत. मी ही चार त्यासाठीच निवडलीयत.

कारण असं की दोन वेगळ्या गायिका शेजारी ठेवल्या की कान आवाजाच्या जातीवरच अडकून बसतो, ही गोड आहे, ती धारदार आहे, इतकंच कळतं आणि आपण आवडीनिवडीवर येऊन थांबतो. पण एकच माणूस दहा वर्षांच्या अंतराने तेच गातोय असं असलं की आवाज ओळखीचा असतो आणि मग बाकीचं काय काय बदललंय ते ऐकू यायला लागतं, वय, कंडक्टर, समोर गाणारा, हॉल, मायक्रोफोन कुठे ठेवलाय ते सुद्धा. बाबा नाही का, भीमसेनांचा पूरिया धनाश्री एकदा उमेदीतला आणि एकदा उतारवयातला असा पाठोपाठ लावून बसतात, आणि मधेच हात वर करून म्हणतात, "हे बघ, इथे आता ते थांबायला लागले." तेच करायचं. पूर्ण ऑपेरा चार वेळा ऐकायची अजिबात गरज नाही, दोन-तीन मिनिटांची एक जागा घ्यायची आणि तीच चारही ठिकाणी ऐकायची.

गोष्ट तुला थोडीफार माहितीच आहे. रोम, जून 1800, नेपोलियनच्या मारेंगोच्या लढाईच्या बातम्या येतायत, आधी हरला म्हणून येते आणि मग जिंकला म्हणून. फ्लोरिया टोस्का ही मोठी गायिका, मारिओ काव्हारादोस्सी तिचा चित्रकार प्रियकर, आणि बॅरन स्कार्पिया पोलिसांचा प्रमुख. मारिओ एका पळालेल्या राजकीय कैद्याला लपवतो, स्कार्पिया त्याला धरून आणतो, त्याचा छळ शेजारच्या खोलीत चालू ठेवून टोस्काला ऐकवतो आणि मग त्याला सोडायची किंमत म्हणून तिलाच मागतो. तिसऱ्या अंकात काय होतं ते तिथेच बघ, ते मी सांगत नाही.

आता पहिली जागा. दुसऱ्या अंकात टोस्का खचून विचारते, "क्वांतो?" म्हणजे किती. तो साळसूदपणे तेच परत म्हणतो, "क्वांतो?" आणि ती म्हणते, "इल प्रेत्सो!" बोल, किंमत काय. इथे गाणं असं फारसं नाहीच, जवळजवळ बोलणंच आहे, सगळं मिळून काही सेकंदांचं. 1953 मध्ये कॅलास हे असं टाकते की त्यात किळस ऐकू येते, आवाज खाली ओढून, ओठ मिटल्यासारखा, आणि गोब्बी जे उत्तर देतो त्यात तो हसतोय हे दिसतं, अगदी सभ्य, जेवणाच्या टेबलावर बसलेला माणूस. 1964-65 मध्ये तेच दोघं आहेत, पण आता कॅलासच्या बोलण्यात किळसेपेक्षा राग जास्त आहे, तिला या माणसाला आधीपासून ओळखायची सवय झालीय असं वाटतं, आणि गोब्बी अजून हळू, अजून निवांत झालाय. मग प्राइसचं ऐक 1962 चं, ती हे जास्त गाते, स्वर सोडत नाही, तिची टोस्का पडली तरी राणीसारखी पडते, आणि समोरचा ताद्देई गोब्बीसारखा थंड नाहीये, त्याच्या आवाजात चरबी आहे, भूक आहे, त्याच्या सभ्यपणावर एक सेकंदही विश्वास बसत नाही. मला गोब्बीच जास्त भीतीदायक वाटतो. बाबांना ताद्देई. हा वाद आपल्या घरात कायमचा आहे आणि तू कुणाच्या बाजूने आहेस ते मला कळायला हवंय.

दी स्तेफानोसाठी वेगळी जागा घे, तिसऱ्या अंकातली "ए लुचेवान ले स्तेल्ले", मरणाच्या आधी तारे आठवतायत ती आरिया, म्हणजे एकट्याचं गाणं, आणि तिच्या थोडं पुढची "ओ दोल्ची मानी", जिथे तो टोस्काचे हात हातात घेतो. 1953 चा दी स्तेफानो हळू आवाजात जे करतो ना, आवाज अगदी बारीक करतो पण तुटू देत नाही, दमसास किती आहे ते जाणवतंसुद्धा नाही, असं वाटतं तो आपल्याशीच बोलतोय. 1962 मध्ये माणूस तोच, शब्दांवरचं प्रेमही तेच, पण वर जाताना जोर लावतो, स्वर उघडा पडतो, आणि हळू गाण्याची ती जादू पूर्वीइतकी हाताशी राहिलेली नाही. नऊच वर्षं मधे गेलीयत. तरी मला 1962 चं ते गाणं सोडवत नाही कारण मारिओ हा छळ सोसून आलेला माणूस आहे आणि त्या ताणलेल्या आवाजात ते सोसणं आपोआप येतं. लोक या रेकॉर्डिंगबद्दल बोलताना दी स्तेफानो उतरला होता एवढं म्हणून पुढे जातात, मला ते पटत नाही, तू नीट ऐकून सांग.

प्राइसबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मला तिच्याबद्दल फार वाटतं. 1927 चा जन्म, अमेरिकेत मिसिसिपीमधल्या लॉरेल गावची, काळी मुलगी. 1955 ला अमेरिकन टीव्हीवर टोस्काच केली होती तिने, आणि दक्षिणेतल्या काही स्टेशनांनी तो कार्यक्रम दाखवायलाच नकार दिला, कारण एक काळी गायिका नायिका होती. 1958 ला कारायानने तिला व्हिएन्नाला बोलावून आयडा या ऑपेरात गायला लावली, म्हणजे तू जिथे उभी राहणारेस त्याच स्टेजवर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ती पहिल्यांदा उभी राहिली 1961 च्या जानेवारीत आणि टाळ्या थांबायला चाळीस मिनिटांवर वेळ लागला. हे सगळं डोक्यात ठेवून 1962 ची "व्हिस्सी दार्ते" ऐक. मी कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कुणाचं वाईट केलं नाही, मग देवा माझ्याच वाट्याला हे का, असं ती विचारते. प्राइसचा आवाज तिथे वरच्या स्वरावर चढतो आणि मग इतका अलगद खाली येतो, मींडेसारखा, मधे एकही पायरी दिसत नाही. कारायान तिच्यासाठी लय सैल सोडतो, अगदी तिच्या श्वासाप्रमाणे. दहा वर्षांनी मेहताबरोबर आवाज खालच्या पट्टीत गडद झालाय, धुरकट झालाय म्हण, वरचे स्वर अजून तसेच झळझळीत, आणि मेहता तिला इतका वेळ देत नाही, नाटक पुढे हाकत राहतो. माझं मत विचारशील तर गाणं म्हणून 1962, पण त्या बाईची अडचण, तिची घाई, तिकडे माणसाला फाशी द्यायची तयारी चालू आहे हे भान, ते 1972 मध्ये जास्त आहे. ही आरिया अंकाची गती थांबवते असं खुद्द पुचिनीलाच वाटायचं म्हणतात, आणि मेहताचं ऐकताना वाटतं की त्यालाही ते माहीत होतं.

आणि मेहताचं सांगायचं म्हणजे, हा मुलगा 1936 ला मुंबईत जन्मला, वडील मेहली मेहतांनी 1935 ला बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केलेला, घरात सतत रिहर्सल चालू, आणि अठराव्या वर्षी तो व्हिएन्नाला शिकायला गेला, हान्स स्वारोव्स्कीकडे. तू गेलीस तेव्हा मला हे आठवलं होतं, तुला बोलले नव्हते. त्याने 1992 ला टोस्काचा एक भन्नाट प्रयोग टीव्हीसाठी केला, रोममध्ये ज्या चर्चमध्ये, ज्या राजवाड्यात आणि ज्या किल्ल्यावर गोष्ट घडते त्याच जागी, गोष्टीत जी वेळ आहे त्याच वेळेला, गायक तिथे आणि ऑर्केस्ट्रा दुसरीकडे. कॅथरीन माल्फितानो आणि डोमिंगो होते. तिसरा अंक खरोखर पहाटे किल्ल्याच्या गच्चीवर. तो व्हिडिओ मिळाला तर बघ, पण आधी ऐक आणि मग बघ, नाहीतर डोळे कानाचं काम खातात.

तुला 1953 चं लावल्यावर पहिल्या मिनिटाला वाटेल की हे काय, आवाज सगळा एकाच ठिकाणाहून येतोय, कोंदट आहे. मोनो आहे ते. स्टिरिओ काही वर्षांतच आलं आणि म्हणून 1962 चं लावलंस की एकदम दारं-खिडक्या उघडल्यासारखं वाटतं. पण पाच-सात मिनिटं दे, कान सरावतो, खरंच सरावतो. तुझे पणजोबा बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकायचे, तीन-सव्वातीन मिनिटांत सगळं उरकायचं आणि वर अखंड खरखर, आणि त्यातूनही त्यांना जागा न् जागा पाठ होती. आपल्या घरातल्या कानांना हे जमतं. फक्त ऐकताना 1953 चं कुठलं रीमास्टरिंग आहे ते बघ, अ‍ॅपवर एकाच रेकॉर्डिंगच्या चार-पाच आवृत्त्या दिसतात. वॉर्नर कंपनीने 2014 ला कॅलासची सगळी स्टुडिओ रेकॉर्डिंग्ज नव्याने साफ करून काढलीयत, ती घे. माझ्याकडची रिदम हाउसमधून घेतलेली जुनी सीडी त्याच्यासमोर जरा कोरडी वाटते, मी ती टाकणार मात्र नाही. आणि हेडफोनवर ऐक. इथे नौपाड्यात गोखले रोडचे हॉर्न बंद होईपर्यंत मला हळू जागा ऐकूच येत नाहीत, म्हणून मी हे सगळं रात्री साडेअकराच्या पुढे ऐकते, आणि मोनो रेकॉर्डिंग हेडफोनवर डोक्याच्या मधोमध येतं ते मला उलट आवडतं, कॅलास अगदी कानाशी येऊन बोलते.

स्टिरिओ कशासाठी हवं ते पहिल्या अंकाच्या शेवटी कळतं. चर्चमध्ये "ते देउम" हे देवाचे आभार मानायचं स्तोत्र चालू आहे, खोट्या विजयाचं, मागे दोन घंटा एकसारख्या वाजतायत, वर-खाली, वर-खाली, लांबून किल्ल्यावरची तोफ, ऑर्गन, मिरवणूक, कोरस हळूहळू भरत चाललाय आणि या सगळ्यावर स्कार्पिया एकटा आपल्या मनातलं घाणेरडं बोलतोय, आणि शेवटी भानावर येऊन म्हणतो की टोस्का, तुझ्यामुळे मी देवाला विसरतो. कारायानचं "ते देउम" लाव आणि आवाज वाढव. हे सोफियनझालमध्ये रेकॉर्ड केलंय, डेका या रेकॉर्ड कंपनीच्या लोकांनी, जॉन कलशॉ प्रोड्युसर. मूळचं ते स्नानगृह होतं, मग नाचाचा हॉल झाला, आणि खालच्या पोकळीमुळे तिथे आवाज असा गोल भरून यायचा. 2001 ला आग लागून ते बरंचसं जळलं, आता पुन्हा बांधून काढलंय, तुमच्या तिसऱ्या जिल्ह्यात मार्क्सरगासेवर आहे, एखाद्या रविवारी जाऊन बाहेरून तरी बघून ये. पण एक गंमत सांगते, एवढं सगळं असूनही "ते देउम"ची चढण दे साबाताची जास्त भयंकर आहे, मोनो असून. तो घंटांची लय एका केसानेही हलू देत नाही, कितीही आवाज वाढला तरी, आणि त्या न हलण्याचीच भीती वाटायला लागते. त्याने स्टुडिओत पूर्ण ऑपेरा हा एवढाच रेकॉर्ड केला. त्यानंतर प्रकृती ढासळली आणि तो जवळजवळ थांबलाच.

आता माझी स्वतःची कसोटी. कुठलंही नवीन टोस्का हातात आलं की मी आरिया ऐकत नाही, दुसऱ्या अंकाची शेवटची पाच-सहा मिनिटं ऐकते. तिने स्कार्पियाला भोसकलंय, तो मेलाय. ऑर्केस्ट्रात खाली तंतुवाद्यांवर एक लांब दुःखी चाल चालू आहे. ती हात धुते, केस नीट करते, त्याच्या मुठीतला शहराबाहेर जायच्या परवान्याचा कागद सोडवून घेते, मग एक वाक्य म्हणते, एकाच खालच्या स्वरावर, की याच्यापुढे अख्खं रोम थरथरत होतं. मग दोन मेणबत्त्या त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवते, छातीवर क्रूस ठेवते, आणि लांबून ड्रम वाजतो आणि ती निघते. गाणं जवळजवळ नाहीच. इथे कंडक्टर काय आहे ते कळतं आणि गायिका नटी आहे का ते कळतं. 1953 मध्ये ते वाक्य कॅलास कसं म्हणते ते मी लिहून सांगू शकत नाही, त्यात विजय नाहीये, आश्चर्य आहे, की हा एवढासाच होता. 1964-65 मध्ये तिचा आवाज थकलाय, वरचे स्वर डळमळतात, ते ऐकताना त्रास होतो हे खरंय, पण या वाक्याला आवाज लागतच नाही, आणि इथे ती पुन्हा तशीच उभी राहते. 1953 ला ती तिशीच्या आतली होती, पॅरिसला एक्केचाळीसची. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये फेब्रुवारी 1964 ला तिने आणि गोब्बीने केलेला हाच दुसरा अंक कृष्णधवल चित्रित केलेला आहे, तो शोध आणि फक्त तिचे हात बघ. प्राइस ते वाक्य कारायानबरोबर जरा जास्त गाते, आणि ऑर्केस्ट्रा इतका सुंदर वाजतो की प्रेत बाजूला पडतं. एवढी एकच जागा 1962 मध्ये मला कमी वाटते, आणि तीच जागा माझी कसोटी असल्यामुळे माझं पहिलं 1953 च राहतं.

बाळा, तू लहानपणी पियानो शिकायचीस म्हणून अजून एक जोडी सांगून ठेवते, टोस्काशी संबंध नाही. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स 1955 ला रेकॉर्ड केली तेव्हा तो विशीतला होता, साधारण अडतीस मिनिटं. परत 1981 ला केली, एक्कावन्न मिनिटं, आणि पुढच्या वर्षी तो गेला. सुरुवातीची आरिया दोन्हींतली पाठोपाठ ऐक, बस. एकच माणूस, एकच पान. बाबांना ऐकवलं तेव्हा ते 1981 चं संपल्यावर म्हणाले, हा विलंबित झालाय. त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताला मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद आहे.

व्हिएन्नाच्या प्रयोगाबद्दल. तिथे टोस्काची मार्गारेटे वॉलमनची 1958 ची मांडणी अजून चालू आहे, तेच सेट, तेच कपडे. पहिल्या प्रयोगाला कारायान होता आणि टोस्का रेनाता टेबाल्दी गायली होती. म्हणजे तू जे बघशील ते जवळजवळ याच रेकॉर्डिंगांच्या काळातलं डोळ्यांनी बघणं आहे. उभ्याच्या जागेसाठी लवकर जा, कठड्याला स्कार्फ बांधून जागा धरायची तिथली जुनी पद्धत, ती अजून चालते का ते विचार आणि तुझा तो मरून स्कार्फ ने. समोर छोट्या स्क्रीनवर शब्द येतात, पहिल्या अंकात वाच, पण दुसऱ्या अंकात "क्वांतो" आल्यापासून स्क्रीनकडे बघू नकोस. "व्हिस्सी दार्ते" गायिका जमिनीवर पडून गाते का तेही बघ, ती पद्धत व्हिएन्नाच्याच मारिया येरित्झाने पाडली असं सांगतात, तालमीत पडली आणि पुचिनीला तेच आवडलं.

पोळ्या लाटायला उशीर होतोय, बाबा दोनदा डोकावून गेले. प्रयोग झाला की घरी आल्यावर लगेच, झोपायच्या आधी, टोस्का कोण होती, स्कार्पिया कोण होता, कंडक्टर कोण, आणि ते खालच्या स्वरावरचं वाक्य गायली की बोलली एवढं लिहून पाठव. नावं कळली की मी त्यांची बाकीची रेकॉर्डिंग्ज शोधायला घेते. आणि ताद्देई की गोब्बी, तेही कळव, बाबा वाट बघतायत.

तुझी,
आई